चॅप्टर माणसं

गेली अकरा वर्षं मी आमच्या शहरातल्या प्रोजेक्ट मॅनेजर लोकांच्या संघटनेचा सदस्य आहे. अशा संघटनांच्या स्थानिक शाखेला ‘चॅप्टर’ म्हणायची पद्धत आहे. अमेरिकेत हा शब्द ऐकून कुणी दचकत नसेल. इथे दचकतात. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी ‘आपण काय करता?’ असं विचारलं आणि मी ऐटीत सांगितलं, ‘मी चॅप्टरचा माणूस.’ गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पानाजवळच्या मठ्ठ्याच्या वाटीकडे पाहिलं आणि वाटी माझ्या बाजूने उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली.

आपल्याकडे चॅप्टर कुणाला म्हणतात ते सांगायला नको. ज्याच्याकडून आधी पावती घ्यावी आणि मगच पैसे काढावेत, तो चॅप्टर. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बायको शेजारणीला सांगते, ‘हे ना? हे गेलेत त्यांच्या चॅप्टर लोकांकडे.’ वाक्यात चूक काढायला जागा नाही, त्यामुळे मला तक्रारही करता येत नाही.

आमची संघटना नेमकी कोणती, ते विचारू नका. पुण्यात अशा संस्था पुष्कळ आहेत, आणि हा लेख वाचून प्रत्येक संस्थेला तो शेजारच्या संस्थेवर लिहिलाय असंच वाटणार आहे. म्हणून मी निर्धास्त आहे.

प्रोजेक्ट मॅनेजर काय करतो, हे समजावून सांगणं हाच एक स्वतंत्र प्रकल्प असतो. मी तो सासऱ्यांवर राबवून पाहिला. ते जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. त्यांचं बोलणं अजूनही फायलीवर शेरा मारल्यासारखं असतं.

‘जावईबापू, तुम्ही प्रोग्राम लिहिता?’

‘नाही, ते डेव्हलपर लिहितात.’

‘मग तपासता?’

‘तपासायला टेस्टर असतात.’

‘गिऱ्हाइकाला विकता?’

‘ते सेल्सवाले बघतात.’

‘मग तुम्ही?’

‘हे सगळं वेळेत होतंय की नाही, ते मी बघतो.’

‘आणि होतं?’

मी चहाच्या कपात पाहत बसलो. सासऱ्यांनी शेरा मारला, ‘म्हणजे तुम्ही नुसतं बघता. बरं.’

जुन्या भाषेत या कामाला मुकादमी म्हणत. मुकादम उन्हात उभा असे आणि आम्ही एसीत बसतो, एवढीच काय ती प्रगती. पण मुकादमाला परीक्षा नव्हती. आम्हाला आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि १९८४ पासून तिने पीएमपी नावाचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. आत्ता-आत्तापर्यंत या परीक्षेत १८० प्रश्न आणि २३० मिनिटं असत. प्रश्नाला चार पर्याय. त्यातले दोन उघड चुकीचे. उरलेले दोन्ही बरोबर. त्यातला जास्त बरोबर कोणता, ते सव्वा मिनिटात ओळखायचं. ‘पडद्याचा रंग निळा बरा की आकाशी?’ या प्रश्नाला ज्यांनी संसारात तोंड दिलंय, त्यांना ही परीक्षा तुलनेने सोपी जाते.

खरी गंमत पास झाल्यावर सुरू होते. दर तीन वर्षांत ६० पीडीयू मिळवले नाहीत, तर प्रमाणपत्र हातचं जातं. एक तास व्याख्यान ऐकलं की एक पीडीयू. पुराण ऐकल्याने पुण्य मिळतं हे आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक होतं, पण ते तासावर मोजायची सोय नव्हती. इथे आहे. मागच्या रांगेत मान टाकून झोपलेल्यालाही तेवढंच मिळतं, ही तर फारच भागवत धर्मातली उदारता झाली. व्याख्यानाला ८० माणसं जमतात ती विषयाच्या ओढीने जमतात असा गैरसमज पाहुण्यांचा होतो. त्यातली ५० पीडीयूसाठी आलेली असतात, २० नोकरी बदलायच्या विचारात असतात आणि उरलेली १० बटाटेवड्याची असतात. मी पूर्वी पहिल्या गटात होतो. आता वयपरत्वे तिसऱ्यात आलो आहे.

आमच्या व्यवसायाचा इतिहास तसा लहान, पण त्यातही एक दुखरी जागा आहे. कामांच्या आडव्या पट्ट्या काढून कोणतं काम कधी सुरू आणि कधी संपणार हे दाखवणारा जो तक्ता असतो, तो हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखला जातो. त्याने तो १९१० नंतरच्या दशकात रूढ केला. पण त्याच्या कितीतरी आधी, १८९६ मध्ये, कारोल आडामिएत्स्की नावाच्या पोलिश इंजिनिअरने जवळपास तसलाच तक्ता तयार केला होता. बिचाऱ्याने त्याबद्दल इंग्रजीत लिहिलं नाही. झालं, तक्ता गँटचा ठरला. मराठीत लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकून उगीचच आवंढा येतो.

पुढे १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत निघाली आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ नावाची तिची चुलत बहीण काढली. शंभर कामांपैकी कोणत्या कामांना उशीर झाला तर सगळंच लांबतं, ती कामं हुडकून काढायची, असा त्याचा सारांश. मी हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे अनारसे.’

मी गप्प झालो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, सुकवून कुटायचे, गूळ घालून पीठ चार-पाच दिवस मुरू द्यायचं. चिवड्याला उशीर झाला तर फक्त चिवडा उशिरा होतो. अनारशाला उशीर झाला तर दिवाळी निघून जाते. म्हणून आई सगळ्या फराळात पहिल्यांदा तांदूळ भिजवते, आणि तिला हे शिकवायला क्षेपणास्त्र उडवावं लागलेलं नाही. एवढं करून अनारसा तुपात हसलाच, तर ती तो झाऱ्याने गोळा करते आणि ‘चुरा दुधात छान लागतो’ म्हणून वाढते. आमच्यात याला स्कोप बदलणं म्हणतात आणि त्यासाठी तीन सह्या लागतात.

आता आमच्या चॅप्टरच्या कारभाराकडे येऊ.

मी सदस्य झालो तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर ‘संध्याकाळी ठीक ६ वाजता’ असं छापलेलं असे. कार्यवाहांच्या लक्षात आलं की ‘ठीक ६’ वाचून लोक साडेसहाला येतात. म्हणून त्यांनी ‘ठीक साडेपाच’ छापायला सुरुवात केली. तीन महिन्यांत सदस्यांच्या लक्षात आलं की साडेपाच म्हणजे सहा, आणि सहा म्हणजे साडेसहा. तेव्हा पावणेसातला निघालेलं बरं. कार्यवाहांनी मग पाच छापलं. हा सामना अजून सुरू आहे. या वेगाने गेलो तर काही वर्षांत संध्याकाळच्या व्याख्यानाची पत्रिका ‘सकाळी ठीक ९’ अशी निघेल आणि तीही वाचून लोक संध्याकाळीच येतील.

हसू नका. सगळ्या प्रकल्पांच्या वेळापत्रकांचं असंच असतं. काम करणारा चार दिवसांचं काम सहा दिवसांचं सांगतो. साहेबाला ते माहीत असतं म्हणून तो चारच मंजूर करतो. साहेब कापणार हे माहीत असल्यामुळे कामवाला पुढच्या वेळी आठ सांगतो. दोघांनाही खरा आकडा ठाऊक असतो आणि तो उच्चारायची हिंमत कुणात नसते. मंडईत वांग्यांचा भाव ठरतो तसा काळाचा भाव ठरतो. फरक एवढाच की मंडईत शेवटी वांगी मिळतात.

आमच्या कार्यकारिणीत अकरा जण. त्यात आयटीवाले तरुण ‘अजाईल’ पंथाचे. दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं करून दाखवायचं, गिऱ्हाइकाला आवडलं नाही तर बदलायचं, ही त्यांची श्रद्धा. दुसरीकडे बांधकामातून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ सदस्य, ज्यांना सगळे प्रेमाने स्लॅबसाहेब म्हणतात. त्यांचं म्हणणं, ‘अरे बाळांनो, तिसरा मजला आधी दाखवू आणि आवडला तर पाया घालू, असं आम्हाला करता येत नाही रे.’ तरुणांनी एकदा रोज उभ्याने पंधरा मिनिटांची बैठक घ्यायची प्रथा आणली. चौथ्या दिवशी दोघा ज्येष्ठांचे गुडघे बोलू लागले, म्हणून खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या म्हणून चहा आला. चहा आला म्हणून पंधराची पन्नास मिनिटं झाली. नाव मात्र अजून ‘स्टँड-अप’च आहे.

वर्षातून एकदा आमचं वार्षिक अधिवेशन असतं. प्रकल्प कसे वेळेत पार पाडावेत, हा दरवर्षीचा विषय. ते अधिवेशन दरवर्षी पुढे ढकललं जातं.

त्याची तयारी आम्ही शास्त्रशुद्ध करतो. आधी सगळ्या कामाची फोड. मग रिस्क रजिस्टर, म्हणजे काय काय बिघडू शकतं त्याची वही. त्यात वीज जाणे, पाऊस येणे, प्रमुख पाहुण्यांचं विमान चुकणे इथपासून भूकंपापर्यंत सगळं लिहिलेलं असतं. जे दरवर्षी न चुकता बिघडतं तेवढंच नसतं. ते म्हणजे दीपप्रज्वलन. समईवर थेट पंखा असतो. पाहुणे काडी ओढतात, विझते. दुसरी ओढतात, विझते. कुणीतरी ‘पंखा बंद करा’ म्हणतं, बटण सापडत नाही, ते शोधताना दिवे जातात, माइक जातो आणि शेवटी बंद पडायचा तो पंखा तेवढा फिरत राहतो. व्यासपीठावर उभे असलेले पाचही जण प्रमाणित जोखीमतज्ज्ञ असतात.

मग असतो जबाबदाऱ्यांचा तक्ता. प्रत्येक कामासमोर चार रकाने. काम कोण करणार, उत्तर कोण देणार, सल्ला कुणाचा घ्यायचा आणि कळवायचं कुणाला. जगभर हा तक्ता वापरतात. पुण्यात तो भरायला दिला की अकराच्या अकरा जण आपलं नाव ‘सल्ला’ या रकान्यात लिहितात. पहिला रकाना कोरा. शेवटी तिथे कॉलेजातून इंटर्नशिपला आलेल्या एका मुलाचं नाव पडतं. तो त्या बैठकीला हजर नसतो, म्हणूनच पडतं.

प्रगतीचा अहवाल रंगांत असतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे बोंबला. आमचा अहवाल अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यापर्यंत हिरवागार असतो आणि मग एका रात्रीत लाल होतो. या जातीच्या प्रकल्पांना आमच्या धंद्यात कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवं, कापलं की लाल. अध्यक्षांना विचारलं, ‘आधी का नाही सांगितलं?’ तर म्हणाले, ‘आधी कापलं कुठे होतं?’

मासिक व्याख्यानांचाही एक साचा आहे. वक्ते कुठलेही असोत, बाराव्या मिनिटाला मुंबईचे डबेवाले येतात. विषय अणुभट्टीचा असला तरी येतात. त्यानंतर सिडनीचं ऑपेरा हाऊस. १९५७ मध्ये आराखडा निवडला, १९६३ मध्ये पुरं करायचं होतं, अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. पुरं झालं १९७३ मध्ये आणि खर्च झाला १० कोटी २० लाख. हे आकडे ऐकले की सभागृहात एक तृप्तीची लहर पसरते. गोरे लोकही आपल्यासारखेच, म्हणून माणसं वड्याकडे वळायला मोकळी होतात.

मला स्वतःला मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांचा किस्सा जास्त आवडतो. अमॉस ट्वर्स्की यांच्याबरोबर त्यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. याचा पुरावा त्यांच्या घरचाच होता. इस्रायलमध्ये ते शाळेसाठी एक पुस्तक तयार करणाऱ्या गटात होते. सगळ्यांचा अंदाज साधारण दोन वर्षांचा. गटातल्या अनुभवी तज्ज्ञाला विचारलं, असे दुसरे गट किती वेळ घेतात? तो म्हणाला, पुष्कळसे पूर्ण करतच नाहीत, आणि जे करतात त्यांना सात ते दहा वर्षं लागतात. हे ऐकून सगळे थोडा वेळ गप्प बसले आणि पुन्हा कामाला लागले. पुस्तकाला आणखी आठ वर्षं लागली, आणि तोवर ते नको झालेलं होतं. पुस्तकाचा विषय होता : निर्णय कसे घ्यावेत.

कोकण रेल्वेवर बोलायला एक वक्ते आले, तेव्हा मात्र सभागृह सावरून बसलं. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी सगळ्या मार्गावरून गाडी सुरू झाली. सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदीपार बोगदे, लहानमोठे दोन हजारांच्या घरात पूल, आणि अंगावर येणारा सह्याद्री. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांची एक युक्ती वक्त्यांनी सांगितली : कामाच्या जागी उलटी घड्याळं लावायची, जी किती दिवस झाले ते न दाखवता किती उरले ते दाखवतात. आमचे कार्यवाह इतके भारावले की दुसऱ्याच दिवशी त्यांनी अधिवेशनासाठी तसं घड्याळ आणून भिंतीवर लावलं. रोज आकडा कमी होऊ लागला तसे सदस्य भिंतीकडे पाठ करून बसू लागले. पुढे घड्याळाचा सेल संपला आणि आकडा ६१ वर थांबला. सगळ्यांना फार हायसं वाटलं. ते अधिवेशन बरेच महिने ६१ दिवसांवर येऊन उभं होतं.

अशात एका मे महिन्यात ठरलेले वक्ते आयत्या वेळी येईनासे झाले. स्लॅबसाहेबांनी आपल्या गावाकडचे एक पाहुणे उभे केले. धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर जाणाऱ्या एका दिंडीच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा कारभार ते कित्येक वर्षं बघत होते. पॉवरपॉइंट नव्हता. डबेवालेही आले नाहीत.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघायचं, आषाढ शुद्ध दशमीला पोचायचं. मधले मुक्काम ठरलेले, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली शिस्त आजही चालते. आमच्यातल्या एका तरुणाने पहिला प्रश्न टाकला, ‘काका, तुमचं रिस्क रजिस्टर असतं का?’

‘म्हंजी?’

‘म्हणजे काय काय बिघडू शकतं, ते लिहून ठेवता का?’

‘पाऊस हाय, ताप हाय, टँकर येत न्हाय, तंबूत पानी शिरतं,’ पाहुण्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. ‘लिवायचं कशाला? दरसाल येतंय की.’

ते लिहीत नाहीत म्हणून लक्षात ठेवतात. आम्ही लिहून ठेवतो आणि विसरायला मोकळे होतो.

दुसरा प्रश्न अध्यक्षांचा, ‘एवढ्या लाखो लोकांत तक्रारी होत असतील. त्या वरपर्यंत कशा जातात?’ यावर पाहुण्यांनी जे सांगितलं, ते ऐकून आम्ही वह्या उघडल्या. मुक्कामाला संध्याकाळी समाज आरती असते. सगळ्या दिंड्या उभ्या, टाळमृदंगाचा कल्लोळ. चोपदार दंड उंचावतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. एवढ्या शांततेत तो आवाज कुठून येतोय ते लगेच कळतं. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात, आणि मग तो टाळ थांबतो. नंतर हरवल्या-सापडल्याच्या वस्तू, उद्याच्या सूचना, आरती. संपलं.

ना ईमेल, ना तिकीट नंबर, ना ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’.

शेवटी मी विचारलं, ‘काका, तुम्हाला कधी उशीर का होत नाही?’

त्यांनी उलट मलाच विचारलं, ‘तुमची तारीख कोन ठरवतं?’

‘आम्हीच.’

‘आन् मोडतं कोन?’

‘आम्हीच.’

‘मंग बराबर हाय की. आपली भाकरी, कुठनंबी मोडावी. एकादशी आमची न्हाय, त्यामुळं मोडता येत न्हाय.’

त्या दिवशी वडे गार झाले तरी कुणी उठलं नाही.

घरी येताना मी विचार करत होतो. आमच्या कार्यकारिणीतल्या एकाचा ऑफिसातला प्रकल्प आठ महिने मागे पडला आहे. तोच माणूस दर भाद्रपदात सोसायटीच्या गणपतीचं मखर चतुर्थीच्या पहाटे पाच वाजता पुरं करतो. पहाटे पाचला, रात्रभर जागून, हातावर फेव्हिकॉल वाळलेला, पण करतो. ‘बाप्पा, रिक्वायरमेंट बदलल्या म्हणून जरा पंधरा दिवस पुढे घेऊ या का?’ असं तो कधी म्हणत नाही. देवाच्या तारखा पुढे जात नाहीत असंही नाही. २०२२ मध्ये गणपती ३१ ऑगस्टला आले आणि २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक श्रावण पडला. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, वर्षाला ११ दिवस कमी पडतात, ते साठत गेले की साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालून हिशेब जुळवतात. पण तो महिना कधी येणार, हे पंचांगात आधी छापलेलं असतं. बॅकलॉग आधीच कबूल केलेला, भरपाई आधीच मंजूर. आमच्याकडे अधिक मास येतो तो काम संपायच्या आदल्या संध्याकाळी, आणि तो आल्याचं प्रमुख पाहुण्यांना वर्तमानपत्रातून कळतं.

पुढच्या बैठकीत स्लॅबसाहेबांनी ठराव मांडला की समाज आरतीची पद्धत आपणही वापरून पाहावी. ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात कुणाला काही काम नव्हतं. रविवार पेठेतून टाळांचे अकरा जोड आले. खजिनदारांनी तो खर्च ‘संवादसाधने’ या सदरात घातला. चोपदार अर्थातच स्लॅबसाहेब. दंड म्हणून त्यांनी घरून जुना लेव्हलिंग स्टाफ आणला, ज्याने त्यांनी उभ्या आयुष्यात कित्येक इमारतींच्या पातळ्या मोजल्या होत्या.

सगळे टाळ वाजवू लागले. ताल चुकत होता, पण उत्साह होता. स्लॅबसाहेबांनी दंड उंचावला.

एकही टाळ थांबला नाही.

स्लॅबसाहेबांनी दंड पुन्हा उंचावला. दहाच्या दहा जोड वाजत राहिले. कुणाकडे आधी जावं हे न कळून चोपदारांनी शेवटी स्टाफ भिंतीला टेकवला आणि तेही आपला जोड वाजवू लागले. आवाज ऐकून इमारतीचा रखवालदार वर आला, दारातून हात जोडून आत पाहिलं आणि दाराशी चप्पल काढून शेवटच्या खुर्चीवर येऊन बसला. त्याला आम्ही प्रसाद म्हणून वडा दिला.

सात मिनिटांनी हात दुखू लागले तसे टाळ एकेक करून थांबले. आता प्रत्येकाची तक्रार ऐकणं भाग होतं. ऐकली. अकरा जणांची तक्रार एकच निघाली, ‘अधिवेशनाची तारीख मला न विचारता ठरवली.’ कार्यवाहांनी जुनं इतिवृत्त काढलं. तारीख सर्वानुमते ठरली होती. तक्त्यात सगळ्यांची नावं ‘सल्ला’मध्ये होती आणि जबाबदारीच्या रकान्यात त्या कॉलेजच्या मुलाचं, जो तोवर इंटर्नशिप संपवून, नोकरीला लागून, बंगळूरला निघून गेला होता.

मग प्रश्न आला तो एकादशीचा. आपल्याला मोडता येणार नाही अशी तारीख आणायची कुठून? सण घ्यावा तर सगळे गावी जातात. राष्ट्रीय सुट्टी घ्यावी तर घरचे सोडत नाहीत. बराच खल झाला आणि शेवटी मार्ग खजिनदारांनी काढला. ते म्हणाले, ‘हॉलचं पूर्ण भाडं आत्ताच भरून टाकू. तारीख बदलली तर एक रुपया परत मिळत नाही.’

खोलीत समाज आरतीला असते तशी शांतता पसरली.

त्या क्षणी आम्हाला आमची तिथी सापडली. पुणेकराला बुडणारं डिपॉझिट हीच खरी आषाढी. पहिला रकाना पंधरा मिनिटांत भरला. मी स्वतः समईची जबाबदारी घेतली आणि घरून काचेची चिमणी नेली. आईने त्या दिवशीसाठी अनारसे करायचं कबूल केलं आणि नऊ दिवस आधी तांदूळ भिजवले. अधिवेशन ठरलेल्या दिवशी झालं. आमच्या अकरा वर्षांतलं पहिलं. सुरू व्हायला चाळीस मिनिटं उशीर झाला, कारण हॉलच्या पावतीवर दिवस लिहिलेला होता, वेळ लिहिलेली नव्हती.

या अनुभवातून काय शिकलो, यावर विचार करायला येत्या दुसऱ्या शनिवारी खास बैठक ठेवली आहे. सगळ्यांना निमंत्रण आहे, सदस्य नसलात तरी चालेल. वेळ : संध्याकाळी ठीक साडेपाच. तुम्ही आपले पावणेसातला या. वडे तेव्हाच येतात.